चार तलाव, एकच खाडी: कोळंबीच्या एका शेतातलं पाणी आणि तळ

पार्श्वभूमी

कल्याण मागे टाकून उल्हास नदी ठाण्याच्या उत्तरेला येते तोवर ती खाडी झालेली असते. भरतीला समुद्राचं पाणी वर चढतं, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि दोन्ही काठांना तिवरांची हिरवी किनार दिसते. एक अरुंद फाटा ठाणे खाडीकडे वळतो, मोठा प्रवाह घोडबंदरच्या डोंगराच्या पायथ्याने वसईकडे जातो. या पट्ट्यातल्या खारजमिनीत एकेकाळी भात पिकायचं. पुढे बांधांना खांडी पडल्या, खारं पाणी आत शिरलं, भात गेलं. काहींनी जमीन तशीच सोडली, काहींनी उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायची-सोडायची झडप, बसवून जिताडे वाढवले, आणि थोड्यांनी कोळंबी घेतली.

ही हकिगत अशाच दोन आगरी भावांची. नाव-गाव सांगणार नाही. जमीन दोन हेक्टरच्या आसपास, त्यात साधारण अर्ध्या-अर्ध्या हेक्टरचे चार तलाव. चारही तलावांना पाणी एकाच चरातून येतं आणि त्या चराच्या तोंडाशी खाडीवर एकच उघाडी. हा तपशील सुरुवातीलाच लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा उलगडा त्यावरच झाला. आम्हाला मात्र तो आठ दिवस सुचला नाही.

मी नवी मुंबईत पाणी-मातीच्या तपासणीचं काम करते. शिक्षण मत्स्यशास्त्राचं. या भावांकडे मी तेव्हा तिसऱ्या वर्षी जात होते. थोरल्यांना मी दादा म्हणते, धाकट्यांना भाऊ. हिशेब आणि बाजार दादांकडे, तलाव भाऊंकडे. भाऊ रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच वाजता पाणी मोजून वहीत लिहीत. माझ्या ओळखीतल्या फार थोड्या शेतकऱ्यांकडे इतकी नेमाने लिहिलेली वही आहे.

कोळंबी होती व्हनामेई. मूळची पॅसिफिकच्या अमेरिकी किनाऱ्यावरची ही जात भारतात २००९ साली रीतसर परवानगीने आली. तिच्यासाठी किनारी जलकृषी प्राधिकरणाची नोंदणी लागते आणि दर चौरस मीटरला ६० पेक्षा जास्त बीज सोडता येत नाही. भावांनी ४० च्या हिशेबाने प्रत्येक तलावात दोन लाख बीज सोडलं होतं. म्हणजे हाव धरली होती असं नाही. पहिली दोन वर्षं पीक चांगलं आलं होतं.

तिसऱ्या वर्षी एक बदल झाला. आदल्या उन्हाळ्यानंतर दोन आणि तीन नंबरचे तलाव दीड फुटाने खोल केले. कारण योग्यच होतं. एप्रिल-मेमध्ये उथळ पाणी फार तापतं, खोली वाढली की कोळंबीला तळाशी गारवा मिळतो. हा सल्ला मीच दिला होता. पोकलेन दोन दिवस चालला, खालची निळसर राखाडी माती निघाली आणि ती त्याच दोन तलावांच्या बांधांवर चढवली. पैसे संपले म्हणून एक आणि चार नंबर राहून गेले.

काय घडलं

बीज फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सोडलं. एप्रिलअखेर, ६८व्या दिवशी, पाग (फेकायचं जाळं) टाकून वजन घेतलं तेव्हा सरासरी १४ ग्रॅम भरली. मिठाचं प्रमाण हजारी २२. सगळं वेळापत्रकाप्रमाणे.

दोन दिवसांनी भाऊंचा फोन आला. तीन नंबरच्या चेक ट्रेमध्ये, म्हणजे कोळंबी किती खाते ते बघायला पाण्यात सोडलेल्या तबकात, खाद्य उरत होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे काठाला कोळंबी संथ फिरताना दिसली, हाताने धरता येईल इतकी. कल्ले काळपट, कवच मऊ. अमावास्या जवळ आली होती. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला बरीच कोळंबी एकदम कात टाकते, तेव्हा मऊ कवच दिसणं नवं नाही. पण तिसऱ्या दिवशी मेलेली कोळंबी सापडली, आणि ती काठाला नव्हती. भाऊ कमरेएवढ्या पाण्यात उतरून मध्यापर्यंत गेले, पायाने चाचपलं, तेव्हा खाली थरच लागला.

मी पोचले तेव्हा त्यांनी वही पुढे केली. "ताई, पानी तं रोज मोजताव, चांगलाच हाय."

खरंच चांगलं होतं. सकाळचा विरघळलेला प्राणवायू लिटरला ४.६ मिलिग्रॅम, पीएच ७.९, पारदर्शकता ५० सेंटिमीटरच्या पुढे, एकूण अमोनिया अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत. पारदर्शकता जरा जास्त होती, ३० ते ४० असती तर बरं. पण एवढ्या कारणाने कोळंबी मरत नाही. वहीत मरणाचं कारण सापडत नव्हतं, आणि म्हणून आम्ही ते वहीबाहेर, खाडीत शोधायला लागलो.

पहिला अंदाज, आणि त्यात गेलेले दिवस

सर्वांत आधी रोगाची शंका घेतली, ती घेणं बरोबरच होतं. पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने नव्वदच्या दशकात देशातली कोळंबीशेती झोपवली होती, आणि तो असेल तर पाणी एक थेंबही बाहेर सोडता येत नाही. क्लोरीन मारून थांबावं लागतं. नमुने प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल येईपर्यंत तीन दिवस गेले. पांढरे ठिपके नाहीत, ईएचपी हा सूक्ष्मपरजीवीही नाही.

मग सगळ्यांचं बोट खाडीकडे वळलं. त्याला कारण आहे. अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीच्या कारखान्यांचं आणि शहरांचं पाणी शेवटी याच नदीला मिळतं. ओहोटीला कधी रंग, कधी फेस, कधी उग्र वास. इथल्या माणसाच्या डोळ्यांदेखत खाडीतली मासळी कमी होत गेली आहे. त्यामुळे कोळंबी मेली की "कंपनीचा पानी आला" हे वाक्य आधी येतं, आणि ते बोलणाऱ्याला मी कधीच खोटं ठरवणार नाही. त्या दिवशी मलाही तेच वाटलं.

पुढे उधाणाची भरती होती. दादांचा आग्रह असा, की उधाणाचं पाणी समुद्राकडचं, स्वच्छ, ते घेऊन तलावातलं एक तृतीयांश पाणी बदलू. मी भरतीच्या माथ्यावर खाडीचं पाणी तपासलं. अमोनिया तलावापेक्षा थोडा जास्त होता, पण घातक नव्हता. मी मान डोलावली. रात्री तीन नंबरची पातळी फूटभर उतरवली आणि नवं पाणी जोरात आत घेतलं. त्या लोंढ्याने मधला गाळ ढवळला गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे मेलेल्या कोळंबीची टोपली भरायला तासभर पुरला नाही.

हा या प्रकरणातला सर्वांत महाग निर्णय. पाणी बदलणं हा कोळंबीशेतीतला जुना, भरवशाचा उपाय. पण तळ सडलेला असताना केलेली घाईची पाणीबदल म्हणजे गाळात दबलेलं विष हाताने वर काढणं. तळ न बघता होकार द्यायला नको होता.

आजींचं वाक्य

त्या सकाळी बांधावर चहा घेऊन दोघा भावांच्या आई आल्या. वय ऐंशीच्या घरात. खारभाताची लावणी केलेली पिढी. त्या तीन नंबरच्या बांधाकडे बघत म्हणाल्या, "ती निली माती बांधावर टाकली का गवत नाय येत. आमी ती कधी काढत नव्हताव."

मी वळून पाहिलं. एक आणि चार नंबरच्या बांधांवर गवत होतं, उन्हाने पिवळं पडलेलं, पण होतं. दोन आणि तीनचे बांध टक्कल पडल्यासारखे. मातीवर गवताच्या काडीच्या रंगाचे फिकट पिवळे डाग, पायथ्याशी गंजासारखा तांबूस ओघळ.

तेव्हा डोक्यात लख्ख झालं. चारही तलावांना पाणी एकाच उघाडीचं, बीज एकाच खेपेचं, खाद्य एकाच पोत्यातलं. एक आणि चार नंबरमध्ये कोळंबी ठणठणीत. तीन मरतोय, दोनच्या ट्रेमध्ये कालपासून खाद्य उरायला लागलंय. खाडी दोषी असती तर तिने चौघांना सारखंच मारलं असतं. फरक फक्त एक: दोन तलाव खोदले, दोन खोदले नाहीत.

तळ मोजल्यावर

दुसऱ्या दिवशी मी पहाटे पाचला तिथे होते. भाऊंची मोजणी सकाळी आठची, तीही पायवाटेवरून, पाण्याच्या वरच्या फूटभरात. आठला ऊन आलेलं असतं, शेवाळाने प्राणवायू सोडायला सुरुवात केलेली असते. आम्ही होडी मध्यावर नेली आणि प्रोब चिखलाच्या चार बोटं वर धरला. प्राणवायू १.७. वरच्या थरात त्याच वेळी ३.९. पीएच खाली ७.३.

कोळंबी काही वरच्या थरात राहत नाही. मासा गुदमरला की वर येतो, तोंड उघडतो, दिसतो. कोळंबी तळावर चालते, तळावर खाते, कात टाकून तळावरच पडून राहते. तिचं घर आम्ही वर्षानुवर्षं मोजलंच नव्हतं, घराचं छप्पर मोजत होतो.

पीव्हीसीचा पाइप चिखलात दाबून गाळाचा नमुना काढला. वर नखाएवढा तपकिरी थर, त्याखाली १३ सेंटिमीटर काळाकुट्ट, लोण्यासारखा मऊ गाळ. पाइप उघडताच कुजक्या अंड्याचा वास. रेडॉक्स, म्हणजे गाळात प्राणवायू किती आटलाय ते सांगणारा आकडा, मोजला तर उणे २६० मिलिव्होल्ट. उणे २०० च्या खाली तळ जाऊ देऊ नये, असा या धंद्यात मानला जाणारा दंडक आहे.

हा वास हायड्रोजन सल्फाइडचा. गोड्या पाण्याच्या तलावातही गाळ साचतो, पण तिथे हा वायू सहसा इतका होत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट असतं, निमखाऱ्या पाण्यात मिठाच्या प्रमाणात कमी, तरी भरपूर. गाळात प्राणवायू संपला की तिथले जिवाणू सल्फेटवर गुजराण करतात आणि सल्फाइड सोडतात. त्याचं विषारी रूप किती, ते पीएचवर ठरतं. पीएच ८ ला ते जेमतेम दहावा हिस्सा असतं, ७ च्या जवळ आलं की निम्म्याच्या आसपास जातं. म्हणजे पहाटे, तळाशी, पीएच घसरलेला असताना हा वायू सर्वांत जास्त मारतो. नेमक्या त्या वेळी आमच्यापैकी कोणी तिथे प्रोब धरला नव्हता.

गाळ एवढा आला कुठून? भाऊंच्याच वहीवरून हिशेब केला. तीन नंबरला रोज ६७ किलो खाद्य पडत होतं. त्यात प्रथिनं ३५ टक्के, म्हणजे साडेतेवीस किलो, आणि त्या प्रथिनांत नत्र पावणेचार किलोच्या आसपास. त्यातलं जेमतेम पाव कोळंबीच्या अंगी लागतं. उरलेलं पावणेतीन किलो नत्र रोज पाण्यात आणि तळात. तलावात पाण्यात हवा मिसळणारे चार पंखे होते, चारही काठाकडे तोंड करून, एकाच दिशेने पाणी फिरवणारे. त्यांच्या फेऱ्याने विष्ठा, कात, उरलेलं खाद्य गोल फिरत मध्यावर गोळा होतं. हे एका परीने चांगलंच, कारण कडेचा तळ खायला स्वच्छ राहतो. पण मधला ढीग उपसून काढला तरच.

एवढा हिशेब चारही तलावांना लागू होता. एक आणि चारमध्येही मध्यावर काळा थर होता, पाच सेंटिमीटरचा. मग तीनमध्ये १३ का?

उत्तर क्षारतेत, म्हणजे आम्ल पचवायच्या पाण्याच्या ताकदीत, सापडलं. कार्बोनेटची क्षारता तीन नंबरमध्ये ७२ मिलिग्रॅम, दोनमध्ये ८४, एक आणि चारमध्ये ११८ आणि १२१. एकाच खाडीचं पाणी, तरी दोन तलावांत काहीतरी क्षारता खात होतं. बांधावरच्या निळ्या मातीचा चमचाभर नमुना घेऊन त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं. माती उकळल्यासारखी फसफसली, काचेचं भांडं हाताला गरम लागलं, आणि पीएच २.४ वर आला.

तिवरांच्या दलदलीत हजारो वर्षं सल्फेट, लोह आणि कुजणारा पाला एकत्र राहिला की पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज तयार होतं. पाण्याखाली आहे तोवर ते निरुपद्रवी. वर काढून हवेत वाळवलं की त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. आम्ही पोकलेन लावून तेच केलं होतं. आम्ल तळातून आणि बांधांवरून झिरपत राहिलं, क्षारता घटली, लोहाने शेवाळाला लागणारा फॉस्फरस बांधून ठेवला, म्हणून शेवाळ नीट धरलं नाही. पाणी नितळ दिसत होतं त्याचं कारण हे. शेवाळ कमी म्हणून दिवसाचा प्राणवायू कमी, तो कमी म्हणून गाळाचं कुजणं अर्धवट, आणि पीएच ढळता म्हणून सल्फाइड जास्त जहाल. कल्ल्यांचा काळपटपणाही बराचसा लोहाचा आणि गाळाचा असावा.

खोल करण्याचा सल्ला माझा होता. खोदण्याआधी मातीचा एक नमुना पेरॉक्साइडने तपासला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं. दादांना मी हे त्याच दिवशी, बांधावर उभी राहून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता काय करायचा ते सांगा."

समोर असलेले पर्याय

तीन नंबर लगेच काढून विकायचा, हा पहिला. १४ ग्रॅमची कोळंबी म्हणजे किलोला सत्तरेक नग. भाव पडेल, मऊ कवचाची आणखी पडेल. पण मेलेल्या कोळंबीला भावच नाही.

दुसरा पर्याय चुन्याचा. खाद्याच्या दुकानातून सल्ला आला की कळीचा चुना भिजवून टाका, पीएच चढेल, वास जाईल. यात अर्धं सत्य होतं, म्हणूनच तो धोक्याचा. पीएच चढला की सल्फाइडचं विष उतरतं, पण अमोनियाचं चढतं. पीएच ८ ला एकूण अमोनियाचा पाच-सहा टक्के भाग विषारी असतो, ९ ला तो तीस टक्क्यांच्या वर जातो. एका विषातून सोडवायला दुसऱ्याच्या तोंडी देण्यासारखं. सावकाश काम करणारी डोलोमाइटची पूड थोडी थोडी टाकणं सुरक्षित होतं, पण ती एका रात्रीत चमत्कार करत नाही.

तिसरा, तळावर साखळी ओढायचा. आंध्रात साखळी ओढतात, असं कोणीतरी सांगितलं. निरोगी तळावर, पिकाच्या सुरुवातीपासून नियमित ओढली तर साखळी उपयोगी आहे. १३ सेंटिमीटर सडलेल्या गाळावर ओढणं म्हणजे उधाणाच्या रात्रीचीच पुनरावृत्ती. हा पर्याय मी हात जोडून बाजूला केला.

चौथा, खाद्य तोडायचं, पंखे वाढवायचे आणि मधला गाळ हळूच उपसायचा. याला मेहनत लागते, आणि उपसलेला गाळ टाकायचा कुठे हा प्रश्न येतो. खाडीत सोडून द्या, सगळेच सोडतात, असं गड्यांचं म्हणणं. शेजारची मोकळी जागा तिवरांची. तिथे खड्डा खणायचा विचारही करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर तिवरांना आणि भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्याला हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्या तिवरांमुळेच बांध टिकून आहेत.

काय केलं

तीन आणि दोन नंबरला वेगळे निर्णय घेतले. हे वेगळं करणंच या प्रकरणात कामी आलं.

तीन नंबर दुसऱ्या रात्री काढला. ९०० किलो माल निघाला, म्हणजे सोडलेल्या बिजाच्या एक तृतीयांशही नाही. दादांना आणखी चार दिवस थांबायचं होतं, कोळंबी सावरेल या आशेवर. मी त्यांना पहाटे पाचचा १.७ चा आकडा पुन्हा दाखवला. काढणी करताना पाणी पूर्ण उपसलं नाही, मध्यावर फूटभर राखलं, आणि ते उरलेलं पाणी चरात न सोडता तलावातच धरून ठेवलं.

तीन नंबरचे दोन पंखे दोन नंबरमध्ये आणले. चाराचे सहा झाले. दोनचं खाद्य पहिले तीन दिवस निम्मं केलं, मग चेक ट्रे पाहून थोडं थोडं वाढवलं, पण पूर्वीच्या तीन चतुर्थांशाच्या वर नेलं नाही. भाऊंना हे जड गेलं. कोळंबीला उपाशी ठेवणं त्यांना जनावराला उपाशी ठेवण्यासारखं वाटायचं. रात्री दर एक दिवसाआड डोलोमाइट. आणि मध्याचा गाळ पंपाने उपसून तीन नंबरमध्ये, रोज दोन तास, दुपारी, प्राणवायू सर्वांत जास्त असतो तेव्हा. पंपाचं तोंड एका बांबूला बांधून दोघांनी चिखलावरून सावकाश फिरवायचं, ढवळायचं नाही. नऊ दिवस हे काम चाललं.

मोजणीची वेळ बदलली: पहाटे पाच, आणि दुपारी तीन. जागा बदलली: मध्यावर, तळाच्या चार बोटं वर. पाचव्या दिवशी दोन नंबरच्या तळाशी पहाटेचा प्राणवायू ३.४ आला. क्षारता पंधरवड्यात ८४ वरून ९७ वर गेली.

काढणीनंतर मातीचं काय करायचं, हा पुढचा पेच. इथली रीत अशी, की तलाव कोरडा करायचा, भेगा पडेपर्यंत उन्हात तापवायचा, नांगरायचा. सेंद्रिय गाळासाठी ही रीत उत्तम आहे. पण पायराइटच्या मातीत नांगर घालणं म्हणजे आम्लाला आणखी हवा देणं. एक आणि चार रीतीप्रमाणे वाळवले. दोन नंबरचा फक्त वरचा काळा थर खरवडला, तळ ओलसरच ठेवला, दोन टन चुनखडीची पूड पसरली. पाणी भरायचं, चार दिवसांनी पीएच बघायचा, सोडायचं, पुन्हा भरायचं, असं पाच वेळा केलं. बांधांच्या उतारावर चुन्याचा पट्टा मारला, निळी माती दिसेल तिथे वरून चांगली माती थापली.

तीन नंबरबद्दल सर्वांत जास्त वाद झाला. दादांना तो दुरुस्त करून पुन्हा कोळंबीत आणायचा होता. पाऊण फुटाचा थर चांगल्या मातीने भरणं परवडणारं नव्हतं, आणि ती माती आणायची कुठून? शेवटी ठरलं की तो कायमचा पाण्याखाली ठेवायचा, कारण पाण्याखालचं पायराइट झोपलेलं असतं. बाकीच्या तीन तलावांचं जाणारं पाणी आणि गाळ आधी तीन नंबरमध्ये येईल, तिथे निवळेल आणि मगच खाडीत जाईल. व्हनामेई घेणाऱ्याने सांडपाणी निवळवूनच सोडायचं असतं. आजवर या शेतात त्यासाठी जागाच काढलेली नव्हती. ती अशी निघाली.

जूनमधली एक चूक

पावसाळ्यात पीक घ्यायचं नाही हे लवकर ठरलं. खाडीचं पाणी तेव्हा जवळजवळ गोडं होतं. पावसाने आम्ल धुवून निघू दे, असा माझा विचार. त्यात एक गोष्ट निसटली. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात बांधांवरचं साचलेलं आम्ल एकदम खाली आलं. दोन नंबरमधलं पाणी बांधावरून जाईल या भीतीने भाऊंनी उघाडी उघडली. मी दुसऱ्या दिवशी नमुना घेतला तेव्हा पीएच ४.८ होता.

चराच्या तोंडाशी जाळं लावणारे एक कोळी काका आहेत. आठवड्याने त्यांनी सांगितलं की उघाडीजवळच्या चिखलावरच्या निवट्या त्या दिवसापासून दिसेनाशा झाल्या. त्यांचा रोजचा कालवणाचा वाटा तिथून निघतो. भाऊ आणि मी त्यांच्या घरी जाऊन काय झालं ते सांगितलं. आठ दिवस खाडी आम्हाला मारते म्हणत होतो, आणि तिच्यात आम्ल आम्ही सोडलं होतं. पहिल्या पावसाआधी उघाडीला कुलूप घालून, पाणी तीन नंबरमध्ये वळवून, चुना मारून पीएच ७ वर आल्यावरच ते सोडायला हवं होतं. त्यानंतरचं प्रत्येक पाणी तसंच सोडलं. निवट्या दिवाळीच्या सुमाराला परत दिसू लागल्या, असं काकांनी सांगितलं.

निष्पत्ती

त्या वाईट वर्षी चार तलावांतून एकूण दहा टन कोळंबी निघाली: एक आणि चारमधून प्रत्येकी साडेतीन टनांच्या आत-बाहेर, दोनमधून २.३ टन, तीनमधून ते ९०० किलो. पुढच्या वर्षी तीन तलावांत दर चौरस मीटरला ३० च्या हिशेबाने बीज सोडलं आणि सात टनांपेक्षा थोडं जास्त निघालं.

दादांनी हे दोन आकडे माझ्यासमोर ठेवले. "ताई, वाईट वर्षाला दहा, चांगल्या वर्षाला सात?" प्रश्न रास्त होता. आम्ही तिघांनी बसून सगळा हिशेब मांडला. बीज आठ लाखांऐवजी साडेचार लाख. खाद्य सोळा टनांवरून सव्वानऊ टनांवर. मालाचा आकार मोठा, एकसारखा. हातात आलेली रक्कम तरीही थोडी कमीच होती, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. पण मे महिन्यात एकही रात्र बांधावर जागून काढावी लागली नाही, असं भाऊ म्हणाले. शेवटी ३० वरच राहायचं ठरलं, ते त्यांच्या हट्टाने.

दोन नंबरची क्षारता त्या हंगामात १०० च्या खाली गेली नाही. काढणीच्या वेळी मधला काळा थर चार सेंटिमीटर भरला. तीन नंबरमध्ये थोड्या बोई सोडल्या आहेत. त्या गाळावरचं खातात, वेगळं खाद्य लागत नाही, आणि घरापुरती मासळी होते.

वेगळं काय करता आलं असतं

खोदण्याआधी माती तपासायला हवी होती, हे वर आलंच. याच्या इतकीच मला खटकते ती रोगाच्या अहवालाची वाट बघण्यातली निष्क्रियता. ते तीन दिवस आम्ही हातावर हात ठेवून बसलो. त्या वेळात खाद्य तोडता आलं असतं, पंखे हलवता आले असते, तळाचा नमुना काढता आला असता. विषाणू निघाला असता तरी यातल्या कशानेही नुकसान झालं नसतं.

दुसरं, शेजारचे दोन धड तलाव डोळ्यांसमोर असताना आम्ही त्यांची तुलना केली नाही. मरणाऱ्या तलावापाशीच घुटमळत राहिलो. एक आणि चारमध्ये त्याच दिवशी क्षारता मोजली असती तर खाडीवरचा संशय तासाभरात फिटला असता. आणि बांधावर गवत नाही हे तर वर्षभर सगळ्यांना दिसत होतं. आजींना कोणी विचारलं नव्हतं.

एक काम अजून बाकी आहे. खाडीचं पाणी आत घेण्याआधी साठवून निवळायला या शेतात आजही जागा नाही. उघाडीतून येणारं पाणी जाळीतून गाळून थेट तलावात जातं. खाडी या वेळी निर्दोष ठरली, नेहमी ठरेलच असं नाही. चार नंबर साठवणीला द्यायचा की चर रुंद करून त्यातच पाणी दोन दिवस धरायचं, यावर दोघा भावांचं अजून एकमत नाही. दादा चराच्या बाजूने आहेत. चर रुंद करायचा तर खोदावं लागेल, म्हणून गेल्या आठवड्यात भाऊ स्वतः चराच्या काठची माती डब्यात भरून माझ्याकडे देऊन गेले. चार ठिकाणची, प्रत्येक डब्यावर खोली लिहिलेली. तीन फुटांच्या खालचा डबा फसफसला.